रायगडाची दारू: ठासणीचा बार, शिशाची गोळी आणि कोकणचा पाऊस

१० मे १८१८ रोजी रायगड इंग्रजांच्या स्वाधीन झाला, हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु त्याआधीच्या दीडशे वर्षांत गडावरची बंदूक कशी भरली जात होती आणि तिची दारू कोरडी कशी राहत होती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तटबंदी कितीही बुलंद असली तरी दारू भिजली की गड मुका होतो.

सतराव्या शतकातील बंदूक तोड्याची आणि ठासणीची. तयार धातूचे काडतूस तेव्हा नव्हते. प्रत्येक बार हाताने भरावा लागे. नळीच्या तोंडातून मापून दारू ओतायची, वर गोळी सोडायची, गजाने ठासायची, कानावर बारीक दारू, म्हणजे रंजक, घालायची आणि पेटती जामगी तिला लावायची. रंजक जळून आतली दारू पेटलीच नाही, तर समोरचा शत्रू दुसरी संधी देत नसे. ‘फुसका बार’ हा शब्द आज भाषणांसाठी वापरला जातो. बंदूकचीच्या लेखी तो जीवनमरणाचा प्रश्न होता.

त्यात हाताने घडवलेल्या दोन नळ्या कधीच तंतोतंत सारख्या नसत. म्हणून गोळी ज्या त्या बंदुकीच्या मापाची हवी. सैल गोळीच्या कडेने दारूचा जोर निसटून जाई. घट्ट गोळी काजळी धरलेल्या नळीत अडके आणि प्रसंगी नळीच फुटे. १८ मिलिमीटर व्यासाची शिशाची गोळी भरते सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे तीन तोळे. व्यास एकाच मिलिमीटरने घटला तर वजन जवळजवळ अर्ध्या तोळ्याने उतरते, आणि मग नेमही बदलतो. आजचे नेमबाज नव्या रायफलीसाठी सूक्ष्म काट्यावर दारू तोलून जे साधतात, तेच त्या काळी साचा, माप आणि हाताची सवय यांवर साधावे लागे.

सामग्रीचा प्रश्न वेगळाच. कोळशाला जावळी-पोलादपूरच्या रानात तोटा नव्हता. शिसे व गंधक मात्र सह्याद्रीच्या काळ्या कातळात सापडत नाहीत. युरोपीय व्यापाऱ्यांशी संबंध राखण्यामागे हेही एक व्यावहारिक कारण होते. महाड हे सावित्रीवरचे जुने बंदर. भरतीच्या पाण्यावर गलबते तेथवर येत. राजधानीच्या पायथ्याशी असे बंदर असणे ही लहान गोष्ट नव्हे.

आणि मग पाऊस. महाड-पोलादपूर भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सुमारे ८२० मीटर उंचीचा रायगड तर महिनोन्‌महिने धुक्यात बुडालेला असतो. सोऱ्यात मिठासारखी अशुद्धी राहिली की तो हवेतली ओल ओढून घेतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखान्याविषयीचे नियम आहेत, ते या पार्श्वभूमीवर वाचावेत. दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा. तळघरात माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावीत. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन ती बाहेर काढवावीत, ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावीत. गडावरचे पावसाळे स्वतः पाहिलेल्या कारभाऱ्याचे हे शहाणपण आहे.

१८१८ साली कर्नल प्रॉथरच्या फौजेने गडाला वेढा घातला तेव्हा बाजीराव दुसऱ्याची पत्नी वाराणशीबाई गडावर होती. समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या गेल्या. त्यांतले पोकळ गोळे स्वतःच एक हाताने भरलेला बार होते: आत दारू, तोंडाशी जळती वात, आणि अंतराप्रमाणे त्या वातीची लांबी कमीजास्त केलेली. असा गोळा तटावर आदळत नाही, तटावरून आत येतो. गडावर प्रचंड आग लागली आणि काही दिवसांतच गड खाली झाला. इंग्रजी वृत्तांत वाड्याला लागलेल्या आगीचे वर्णन करतात, तर स्थानिक परंपरा दारूकोठारावर पडलेल्या गोळ्याचे नाव घेते. आगीत लाकडी बांधकामाची राख झाली, याविषयी दोन्ही बाजूंचे एकमत आहे.

त्या दारूकोठाराचे अवशेष जगदीश्वराच्या पूर्वेस, भवानी टोकाकडच्या अंगाला, बारा टाक्यांच्या परिसरात आहेत. राजवाड्यापासून ती जागा किती लांब राखली होती, हे तेथवर पायी चालत गेल्यावरच कळते.