रेडिएशनमुळे धातू ठिसूळ का होतो?

रेडिएशन म्हटलं की आपल्याला आधी शरीर आठवतं. पण अणुभट्टीतलं जाडजूड पोलादसुद्धा रेडिएशनने हळूहळू खराब होतं. बाहेरून काहीच दिसत नाही, बिघाड होतो तो आत, अणूंच्या पातळीवर.

आत नेमकं काय घडतं?

धातूतले अणू ठरलेल्या जागी, ओळीने बसलेले असतात. युरेनियमचा अणू फुटला की वेगवान न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांची ऊर्जा सरासरी २० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. लोखंडाचा एक अणू जागेवरून उडवायला साधारण ४० पुरतात!

कॅरम आठवा. स्ट्रायकर एका सोंगटीला लागतो, ती पुढच्या सोंगट्या उडवते. इथेही तसंच होतं. उडालेला अणू इतरांच्या मध्ये घुसतो आणि मागे रिकामी जागा राहते. यातले बहुतेक अणू क्षणार्धात परत रिकाम्या जागांत बसतात. थोडेच दोष उरतात, पण ते वर्षानुवर्षं साठत जातात.

मग पोलाद ठिसूळ का होतं?

धातू वाकतो तेव्हा आतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. साठलेले दोष या सरकण्याला अडवतात. पोलादात थोडं तांबं असेल तर त्याच्याही बारीक गुठळ्या होतात. पोलाद आणखी कडक होतं, पण चिवटपणा जातो. मग ते वाकण्याऐवजी तडकू शकतं, खासकरून थंड असताना.

याची काळजी का घ्यायची?

अनेक अणुभट्ट्यांमध्ये इंधन एका पोलादी भांड्यात असतं. त्याला प्रेशर व्हेसल म्हणतात. तारापूरच्या १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन युनिट्समध्येही ते आहे. हे भांडं बदलणं जवळपास अशक्य असतं. आणीबाणीत गरम भांड्यात अचानक थंड पाणी सोडावं लागलं, तर आधीची बारीक भेग वाढू शकते. म्हणूनच त्याच पोलादाचे नमुने आत ठेवतात आणि ठरावीक वर्षांनी काढून हातोड्याच्या यंत्राने तोडून बघतात.

यावर उपाय आहे का? रशियन बनावटीच्या काही अणुभट्ट्यांमध्ये इंधन काढून भांडं सुमारे ४७५ अंश सेल्सिअसला काही दिवस तापवलं गेलं. उष्णतेने बरेच दोष निघून जातात आणि चिवटपणा बऱ्यापैकी परत येतो.

आणि मोबाईलचं रेडिएशन?

वाय-फायच्या एका फोटॉनची ऊर्जा असते सुमारे ०.००००१ इलेक्ट्रॉनव्होल्ट. अणू हलवायला हवेत ४०. त्यामुळे फोनच्या धातूच्या बॉडीतला एकही अणू त्याने जागचा हलत नाही!