हल्लीच्या मुली आणि आपण

मंडळाच्या बैठकीत चहा येईपर्यंत कोणता विषय निघतो, हे भगिनींनो, मी सांगावयास नको. हल्लीच्या मुलींची गाणी कळत नाहीत, बोलणे कळत नाही, आणि हळदीच्या रात्री डीजेपुढे आपण जुन्या माणसांनी बसावे तरी कोठे? ही तक्रार खोटी नाही. परंतु ती आपल्यापासून सुरू झाली, असे मात्र कोणी समजू नये. डहाणू-तलासरीच्या गेल्या पाऊणशे वर्षांकडे पाहिले, तर हे पुरेसे ध्यानात येते.

वारली घरांत लग्नाचा चौक ‘काढीत’ नाहीत, ‘लिहितात’. आणि तो लिहिणे हे पिढ्यान्‌पिढ्या सवाशिणींचे काम. गेरूने रंगविलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या पाण्याने, बांबूच्या काडीने पालघट देवीचा चौक लिहावयाचा आणि धवलेरीने लग्नाची गाणी म्हणावयाची, अशी रीत. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी कागद घेऊन पाड्यांवर आले. इकडे गंजाडचे जिव्या सोमा मशे लग्नकार्यावाचून, रोजच्या रोज चित्रे काढू लागले होते. पुरुषाने हाती काडी धरली! १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११ साली पद्मश्री. मागोमाग तरुण मुले सरसावली. चित्रांत आगगाडी आली, पुढे चित्र पिशव्यांवर नि पेल्यांवरही गेले. कलेचे नाव झाले, घरांत चार पैसे आले, हे चांगलेच झाले. पण धवलेरीचे गाणे कागदावर उतरत नाही, म्हणून ते विकलेही जात नाही. चित्र मुलांबरोबर जगभर गेले, गाणे म्हातारीपाशी राहिले. मला वाटते, आपल्या मनातले शल्य तेच आहे. मुले बदलली याचे दुःख थोडे. आपल्याला येते ते कोणी मागत नाही, याचे अधिक.

ताराबाई मोडकांनाही असाच अनुभव आला होता, फक्त मुले फार लहान होती. १९४५ साली त्या बोर्डीस आल्या, तेव्हा वय ५३. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर केलेले काम, मॉन्टेसरी पद्धतीचा अभ्यास, नूतन बालशिक्षण संघ, एवढी पुण्याई गाठीशी. सोबत ३५ वर्षांच्या अनुताई वाघ. बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र निघाले, बालवाडी मांडली. आणि ज्यांच्यासाठी मांडली, ती गोरगरिबांची पोरे येईनात! कोणाला धाकटे भावंड सांभाळावयाचे, कोणाला शेळ्या राखावयाच्या. या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही, असे म्हणून स्वस्थ बसणे सोपे होते. ताराबाईंनी तसे केले नाही. बालवाडीच उचलून वस्तीवर नेली, कोणाच्या तरी अंगणात. तेथेच मुलांना आंघोळ घालावयाची, तेथेच गोष्टी आणि गाणी. महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, खडे, पाने. ही अंगणवाडी. पुढे १९५७ साली संस्था कोसबाडच्या टेकडीवर गेली, तेव्हा गुरे राखणाऱ्या मुलांमागे शिक्षक कुरणात गेले. त्या शाळेचे नाव कुरणशाळा. १९७५ साली केंद्र सरकारने बालविकासाची योजना काढली, तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. ते पाहावयास ताराबाई नव्हत्या. १९७३ साली त्या गेल्या.

कोणी म्हणेल, चार वर्षांचे पोर निराळे आणि अठरा वर्षांची मुलगी निराळी. अगदी खरे! पोराचे अंगण दिसते तरी. मुलीचे अंगण हल्ली तिच्या हातातल्या फोनमध्ये असते, आणि तेथे आपल्याला कोणी बोलावीत नाही. पण कुरणातही शिक्षकांना कोणी बोलावणे धाडले नव्हते.

आमच्या शेजारच्या पाड्यावर गेल्या उन्हाळ्यात एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीने आपल्या आजीचे लग्नातले गाणे फोनवर उतरून घेतले. डीजेच्या तालावर बसवून मैत्रिणींना पाठवावयाचे होते म्हणे! आजीला त्यातले काही कळले नाही. तिने फोन कानाशी धरून आपलाच आवाज दोनदा ऐकला, मान हलविली आणि म्हणाली, “मधली ओळ राहिली गं. पुन्हा घे.”