मगनबाईंच्या नावापुढचे ‘जे. पी.’



जुन्या जैन पुस्तकांत ‘दानवीर सेठ माणिकचंद हिराचंद, जे. पी.’ हे नाव आपण कितीदा वाचतो. त्यांच्या कन्येचे नावही तसेच छापलेले असते: महिलारत्न मगनबाई, जे. पी. पुष्कळजणींना ही वकिलीसारखी परीक्षेची पदवी वाटते. तसे नाही. जस्टिस ऑफ द पीस म्हणजे सरकारने नेमलेला बिनपगारी दंडाधिकारी. आज दाखल्यावर ज्यांचा सही-शिक्का घ्यायला आपण जातो, त्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याचा हा जुना, बराच वजनदार पूर्वज म्हणा.

मुंबईत हिंदी माणसांना हा मान 1834 मध्ये मिळाला. जगन्नाथ शंकरशेट त्या पहिल्यांतले. 1865 ते 1872 शहराचा कारभारच जे. पीं.च्या मंडळाकडे होता. पुढे माणिकचंदांच्या काळातही महापालिकेतले 16 सभासद हेच लोक निवडत.

नेमणुकीचा कागद म्हणून लोक घरातल्या ट्रंकेत सनद शोधत बसतात. पण 1898 च्या फौजदारी संहितेप्रमाणे नेमणूक होई ती सरकारी गॅझेटातल्या अधिसूचनेने. तेव्हा शोध गॅझेटात घ्यायचा. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले राज्य पुराभिलेखागार त्यासाठी चांगली जागा आहे.

त्या कलमाची भाषा मला फार आवडली. ब्रिटिश हिंदुस्थानात राहणारी, परक्या राज्याची प्रजा नसलेली ‘व्यक्ती’, एवढीच अट. पुरुष हवा असे कुठेच नाही. शिवाय 1897 च्या कायद्याने पुल्लिंगी शब्दात स्त्रीही धरायची होती. म्हणजे दार कागदावर उघडेच होते, आत जाणारी बाई हवी होती.

आणि गेली कोण? ऐन तारुण्यात विधवा झालेली आपली मगनबाई! विधवेने शुभकार्यात समोर येऊ नये, असे मानणारा तो काळ. वडिलांनी तिला शिकवले, तिने मुंबईत श्राविकाश्रम चालवून कितीतरी विधवांना शिकवले. सेठजी 1914 मध्ये गेले, तरी ते काम थांबले नाही. ‘सेठजींची मुलगी म्हणून मिळाले’ असे कोणी म्हटले, तर मला तरी ते पटत नाही.

गॅझेट चाळताना एक करा. इंग्रजी स्पेलिंगवर अडून बसू नका. माणिकचंदचे मानेकचंद सहज होते. बायकांची नावे तर ‘बाई’ शब्दाखालीही पाहा.