डार्लिंग खंदकात येतो तेव्हा

विनोदी मालिकेतल्या पात्राने बदलायचं नसतं, हा जवळजवळ अलिखित नियम. चिक्कू माणूस पुढच्या आठवड्यातही चिक्कूच हवा, नाहीतर आपण हसणार कशाला? मग शेवटच्या भागात पात्राची वाढ दाखवायची तरी कशी?

माझं आवडतं उदाहरण बीबीसीच्या ‘ब्लॅकॲडर गोज फोर्थ’चं. रिचर्ड कर्टिस आणि बेन एल्टन यांनी लिहिलेला त्याचा सहावा आणि शेवटचा भाग २ नोव्हेंबर १९८९ ला दाखवला गेला. काळ १९१७चा, जागा पश्चिम आघाडीवरचा ब्रिटिश खंदक. दुसऱ्या पर्वाच्या शेवटीही सगळे मरतात, पण तिथे मरणं हाही एक विनोदच होता. इथे तसं चालणार नव्हतं. सोमच्या लढाईतून जिवंत परतलेले म्हातारे तेव्हा ब्रिटनमध्ये हयात होते.

तर गंमत बघा. हल्ल्याचा हुकूम आल्यावर कॅप्टन ब्लॅकॲडर डोक्यावर चड्डी घालून, नाकात पेन्सिली खुपसून वेड्याचं सोंग करतो. ते फसतं. शेवटचा उपाय म्हणून तो सरसेनापती हेगला फोन करतो, कारण हेगचा जीव त्याने पूर्वी वाचवलेला असतो. हेग उपकार फेडतो, म्हणजे सल्ला देतो: डोक्यावर चड्डी, नाकात पेन्सिली! आपण खदखदून हसतो, आणि त्याच क्षणी कळतं की सुटकेचा मार्ग संपला. विनोद थांबवून गंभीर संवाद घातलेला नाही. विनोदानेच दार बंद केलं.

पण वाढ खरी होते ती कॅप्टन डार्लिंगची. मुख्यालयातला हा खुशामती कारकुनी अधिकारी. त्याचं आडनावच ‘डार्लिंग’, म्हणजे लाडक्या. पाच भाग त्यावरूनच त्याची टर उडवलेली. जनरल मेल्चेट त्यालाही आघाडीवर धाडतो. तो गयावया करतो, जनरलला वाटतं हा विनय! मग तो खंदकात येतो आणि ब्लॅकॲडर त्याला नेहमीच्याच नावाने हाक मारून कसं वाटतंय विचारतो. शब्द तोच, टोमणा गायब. स्वभाव कुणाचाच पालटलेला नाही. ऐकणाऱ्याची जागा तेवढी पालटली. माझ्या मते ‘वाढ’ यापेक्षा जास्त दाखवायची गरजच नसते.

शेवटची धाव मात्र स्टुडिओत नीट जमली नव्हती. संकलनात ती संथ केली गेली आणि त्या चिखलावर हळूहळू पॉपीच्या फुलांचं शेत उमटलं. मागे फक्त पक्ष्यांचे आवाज.