मातीची परीक्षा

इतिहास म्हटला की आपल्यापुढे तख्ते, तहनामे आणि तलवारी उभ्या राहतात. पण महाराष्ट्राच्या आद्य शेतकऱ्यांनी यांपैकी काहीच मागे ठेवलेले नाही. त्यांना लिपी अवगत नव्हती. ते कोणती भाषा बोलत, हेही सांगता येत नाही. उरली ती मुख्यतः खापरे. तेव्हा या लोकांची ओळख करून घ्यायची, तर कुंभाराच्या दारातूनच आत शिरले पाहिजे.

१९५०-५१ साली प्रवरेच्या काठी जोर्वे येथे उत्खनन झाले आणि तेथील खापरांना त्या गावाचेच नाव मिळाले. पुढे नेवाशासही ती सापडली. १९६८ ते १९८३ या काळात डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी यांनी घोड नदीकाठचे इनामगाव खणले, आणि इ. स. पू. १६०० ते ७०० अशी सुमारे नऊशे वर्षांची वस्ती उजेडात आली. तेथे कुंभाराची भट्टीही मिळाली. या भांड्यांचा रंग तांबूस, त्यावर काळ्या भौमितिक रेघा. आणि टिचकी मारावी तर धातूसारखा खणखणीत नाद!

हा नाद आला कोठून? दख्खनची माती कुंभाराला सहजासहजी वश होणारी नव्हे. आपली काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते. वैशाखात शेताला पडणाऱ्या भेगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तीच गत तिच्या मडक्याची. म्हणून माती वाळवावी, फोडावी, पाण्यात कालवावी, खडे तळाशी बसू द्यावेत आणि वरचा गढूळ राळा काढून घट्ट होऊ द्यावा. फार चिकट निघाली तर वाळू, राख किंवा भुसा मिसळावा. मग तिची वळी बोटाभोवती गुंडाळून पाहावी. तडकली नाही तर माती कामाची. १० सेंटिमीटरची पट्टी वाळून ९ सेंटिमीटर झाली, तर दहा टक्के आकसली असे समजावे.

खरी परीक्षा मात्र अग्नीची. ओल राहिली तर वाफ भांडे फोडते. सुमारे ५०० ते ६०० अंशांत मातीच्या कणांत बद्ध असलेले पाणी निघून जाते, आणि मग ते भांडे पुन्हा चिखल होत नाही. हवा खेळती असेल तर मातीतले लोह लाल रंग देते. हवा कोंडली तर भांडे काळवंडते. चुनखडीचा खडा तर मोठा कपटी! तो भट्टीत कळीचा चुना होतो. पुढे हवेतील ओल शोषून फुगतो, आणि भट्टीतून धड निघालेल्या भांड्याची कपची काही दिवसांनी आपोआप उडते. अर्थात नमुना भाजून, वाट पाहून, फसलेला टाकून आणि पुन्हा भाजूनच हे ज्ञान येते. खणखणीत नादामागे अशा कित्येक फसलेल्या भाजण्या असल्या पाहिजेत.

इ. स. पू. १००० नंतर इनामगावात ही भांडी ओबडधोबड होतात, नक्षी विरळ होते आणि ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. पाऊसमान घटल्याचा हा परिणाम असावा, असे डॉ. ढवळीकरांचे मत होते. कुंभार आपली विद्या विसरला काय? मला तसे वाटत नाही. माती धुण्यास पाणी लागते, भाजण्यास सरपण लागते, आणि प्रयोग फसू देण्यास पोटभर धान्य लागते. समाजाच्या कणगीत शिल्लक असेल, तोवरच कारागिराला चुकण्याची मुभा असते.

याच लोकांत मूल दगावले, की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला घरातल्या जमिनीखाली ठेवीत. पाणी साठवणारे भांडे आणि लेकराला अखेरचा आसरा देणारे भांडे, दोन्ही एकाच विद्येची लेकरे होत. ज्यांच्या हातांत ती विद्या होती त्यांचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही. परंतु महाराष्ट्राच्या विज्ञानाचा इतिहास लिहिताना पहिले पान त्यांच्यासाठी राखून ठेवणे आपल्या हाती आहे.