आवर्त सारणीच्या चार खंडांची कुळकथा

आवर्त सारणीतील ११८ मूलद्रव्यांची एस, पी, डी आणि एफ या चार खंडांत जी वाटणी आज पाठ्यपुस्तकांतून शिकविली जाते, तिचे मूळ रसायनशाळेत नसून वर्णपटांच्या दफ्तरात आहे. कारण मेंडेलीव्हने १८६९ साली आपली सारणी सिद्ध केली, तेव्हा ज्या इलेक्ट्रॉनावर ही वाटणी आधारलेली आहे त्याचा शोधही लागलेला नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केंब्रिज येथील लाइव्हिंग आणि ड्यूअर यांनी सोडियम, पोटॅशियम आदी धातूंच्या वर्णरेषांचे निरीक्षण करताना काही मालिका रेखीव, तर काही पसरट असल्याची नोंद केली. पुढे रिडबर्गने त्या मालिकांना गणिताच्या सूत्रात गोवले. रेखीव ती ‘शार्प’, प्रमुख ती ‘प्रिन्सिपल’, पसरट ती ‘डिफ्यूज’ आणि नंतर अवरक्त भागात सापडलेली ती ‘फंडामेंटल’, अशी नावे रूढ झाली व त्यांची आद्याक्षरे कालांतराने अणूतील कक्षकांच्या माथी बसली.

एका कवचातील या चार प्रकारच्या कक्षकांच्या संचांत अनुक्रमे २, ६, १० व १४ इलेक्ट्रॉन मावतात, म्हणून खंडांतील स्तंभही तितकेच. हा हिशेब स्टोनर व पाउली यांनी १९२४-२५ मध्ये पक्का केला. तथापि त्याची कसोटी आधीच लागली होती. बहात्तरावे मूलद्रव्य पुष्कळ रसायनशास्त्रज्ञ दुर्मिळ मृदा धातूंत शोधीत असता, तो समूह एकाहत्तराव्याशीच संपतो व बहात्तरावे झिर्कोनियमचे सगोत्र असले पाहिजे, असे नील्स बोरच्या अणुविचारातून निष्पन्न झाले. आणि कोस्टर व हेवेशी यांना कोपनहेगन येथे झिर्कोनियमच्या खनिजांतच हाफ्नियम सापडले. हा शोध १९२३ साली प्रसिद्ध झाला. पुढे सीबोर्गने १९४४ साली थोरियम, युरेनियम आदींना डी-खंडातून उठवून एफ-खंडाच्या दुसऱ्या ओळीत बसविले.

सरहद्दींचे तंटे मात्र अद्याप मिटलेले नाहीत. हेलियम इलेक्ट्रॉनरचनेने एस-खंडाचा असूनही निऑनच्या डोक्यावर, म्हणजे पी-खंडाच्या रांगेत बसतो. तिसऱ्या गणात लॅन्थॅनम असावा की ल्युटेशियम, या वादात २०२१ च्या तात्पुरत्या आंतरराष्ट्रीय अहवालाने ल्युटेशियमचा पक्ष घेतला. तात्पर्य, खंड हे अणूच्या रचनेचे दर्शक होत, गुणधर्मांचे कायमचे करारनामे नव्हेत. विद्यार्थ्यांनी त्यांचा आधार अवश्य घ्यावा, परंतु मूलद्रव्याची अखेरची पारख त्याच्या वर्तनावरूनच करावी.