रंगाखालचा धातु

खेळण्यांतील छोटी मोटार हातीं घेतली म्हणजे दृष्टि प्रथम तिच्या रंगावर ठरते. पण तिचें आयुष्य ठरतें तें रंगाखालच्या धातूवर. लिव्हरपूल येथील फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीनें १९३३ च्या अखेरीस अशा मोटारी काढल्या. १९३४ सालीं त्यांना ‘डिंकी टॉइज’ हें नांव मिळालें. आरंभीं शिसें, पुढें जस्ताचा मिश्रधातु. तो वितळवून साच्यांत दाबानें भरावयाचा, कडांचे पापुद्रे घांसून काढावयाचे, तेलकटपणा घालवावयाचा आणि मगच रंग चढवावयाचा. जस्तावर तेलाचा हात राहिला, कीं रंगाच्या खपल्या पडल्याच!

एवढें करूनहि घात झाला. जस्तांत शिशाचा लेशमात्र अंश मिसळला, तरी दमट हवेंत धातूच्या कणांच्या सांध्यांतून गंज आंत शिरतो. वस्तु फुगते, वांकते, भेगाळते. महायुद्धापूर्वींच्या कित्येक गाड्या कोणाचा हातहि न लागतां कपाटांतच भंगल्या. अमेरिकेंतील न्यू जर्सी झिंक कंपनीनें १९२९ सालींच ९९.९९ टक्के शुद्ध जस्तापासून टिकाऊ मिश्रधातु सिद्ध केला होता. परंतु जेथें कालपर्यंत शिसेंच ओतलें जात होतें, तेथें त्याचा कण जस्तांत येऊं न देणें सोपें नव्हे.

आज अशी गाडी पुन्हा रंगविणारा कसबी कारागीर जुना रंग उतरवून आधीं भेगा शोधतो. भेग निघाली, तर कुंचला खालीं ठेवतो.